खान्देशातल्या बायका आणि स्वातंत्र्यलढा: तुमच्या घरात कोणी काही सांगितलंय का?

तापीकाठची

गेल्या महिन्यात गावचं घर रिकामं करायला गेले होते. अमळनेर तालुका. गावाचं नाव लिहीत नाही, अर्धं गाव नात्यात आहे आणि त्यातलं निम्मं इथे वाचतं.

ओसरीच्या भिंतीवर आजोबांचं ताम्रपट आहे, १९७२ सालचं. लहानपणापासून पाहत आलोय. माळ्यावरच्या ट्रंकेत मात्र एक कागद सापडला जो कधी पाहिला नव्हता. आजोबा गेल्यावर आजीच्या नावाने पेन्शनसाठी जो अर्ज केला, त्याची कच्ची प्रत. गावातल्या मास्तरांचं अक्षर, निळी शाई. 'स्वातंत्र्यसैनिकाशी नाते: पत्नी.' त्याखाली मास्तरांनी स्वतःहून एक ओळ घातलेली: 'अर्जदाराने स्वतः काही कार्य केले असल्यास.' आणि पुढे लांबलचक आडवी रेघ.

ती रेघ मला काही सोडेना. कारण लहानपणी आजीकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं आठवतं ते असं. आजोबा बेचाळीसच्या ऑगस्टातच पकडले गेले. घरात आजी, तिची सासू आणि दोन पोरं. त्यानंतर आमच्या मळ्यात भूमिगत लोक येऊन राहायला लागले. आजी म्हणायची एका वेळी चौदा जण होते. चौदा जणांच्या किमान अठ्ठावीस भाकरी. म्हणजे पायलीभर ज्वारी दळायची, तीही हाताने, तीही घरातला कर्ता पुरुष तुरुंगात असताना.

खरी अडचण पुढेच आहे. जात्याचा आवाज. पहाटे घरोघरी जाती चालतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण एकाच घरातलं जातं पहाटे दोन तास चाललं आणि रात्री जेवणं झाल्यावर परत सुरू झालं, की शेजारीण सकाळी पाणवठ्यावर विचारणारच: काय गं, पाहुणे आलेत का? आणि आमच्या समोरच्याच घरात पोलीस पाटील.

तर आजीने काय केलं? चार घरांतून हातउसनं पीठ आणायला सुरुवात केली. रोज एका घरातून सगळं नाही, चारी घरांतून शेर-शेर. त्या बायकांनी आपापल्या पहाटेच्या दळणात मूठ-मूठ जास्त घातली. कोणत्याच घरातलं जातं नेहमीपेक्षा फार जास्त वाजलं नाही. पदराखाली वाटी घेऊन उसनं मागायला जाणारी बाई कोणाच्या डोळ्यात येते? भाकरी मग टोपलीत, वर गोवऱ्या रचून मळ्यात जायच्या.

मी कॉलेजात असताना एकदा तिला म्हटलं, आजी, तू पण स्वातंत्र्यसैनिकच की. ती हसली. "मी काय करं व माय? भाकरी टाक्यात, बस."

तुमच्याकडे असं कोणी काही सांगितलंय का? फक्त खान्देशातलं विचारतेय. मोठी नावं पुस्तकांत आहेत. मला वाटीभर पिठाच्या गोष्टी हव्यात.

बोरीकाठ

धागा आवडला. पण अमळनेर म्हटल्यावर सुरुवात लीलाताईंपासून करायला हवी. लीलाताई उत्तमराव पाटील. बेचाळीसला अमळनेरात जे पेटलं त्यात त्या पुढे होत्या, मागे उभ्या राहून घोषणा देणाऱ्यांतल्या नव्हेत. नवरा-बायको दोघंही चळवळीत. आमच्या वडिलांच्या पिढीत 'लीलाताई' एवढंच म्हटलं तरी पुरायचं, आडनाव लागत नसे. आज अमळनेरच्या कॉलेजातल्या पोरांना विचारून पाहा. साने गुरुजी सांगतील, आणि सांगावेतच, सहा वर्षं प्रताप हायस्कूलात शिकवलं त्यांनी. पण लीलाताईंना थोडं अडखळतील.

तुमच्या चौदा जणांवरून आठवलं. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडच्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास. त्यात सातारा-सांगलीकडचे प्रतिसरकारचे लोक होते, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड. आमच्याकडे ही गोष्ट रंगवून सांगतात: गाडी कशी अडवली, पेट्या कशा उतरवल्या. मी लहानपणी आजोबांना एकदा विचारलं होतं, ते लोक इतक्या लांबून आले, मग राहिले कुठे आणि जेवले काय? आजोबांनी विषय बदलला. आता वाटतं त्यांना माहीतच नसावं. ते उत्तर घरातल्या दुसऱ्या खोलीत होतं.

शंकासुर

विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

हल्ली प्रत्येकाची आजी स्वातंत्र्यसैनिक निघायला लागली आहे. गावात आलेल्याला भाकर देणं ही आपली रीतच होती. दरोडेखोर आला तरी देत होते, कधी भीतीने, कधी लाजेने. उद्या ज्या विहिरीचं पाणी ते प्यायले त्या विहिरीलाही ताम्रपट द्यायचं का? जे तुरुंगात गेले, ज्यांनी गोळी खाल्ली, त्यांच्या रांगेत भाकरी थापणारीला बसवलं की रांगेचाच अर्थ जातो. आणि दुसरं: त्या माउलीला कोणी विचारलं होतं का? सासूने सांगितलं, तिने केलं. ज्या कामात नाही म्हणायची सोय नव्हती त्याला 'सहभाग' म्हणायचं का हा प्रश्न मला खरंच पडतो.

केळीबाग

शंकासुर, रांगेचं जाऊ द्या, तुमचा दुसरा प्रश्न चांगला आहे.

आमचं गाव यावल तालुक्यात, फैजपूरला लागून. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष. बैलांच्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली, त्याची वर्णनं आमच्याकडे अजून चालतात. शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, तट्ट्या, मातीच्या गाडग्यांतून सगळं नगर सजवलं. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी उभारणीसाठी जिवाचं रान केलं. हे सगळं शाळेत शिकलो.

स्वयंसेविकांचं पथकही होतं, आणि प्रेमाबाई कंटक त्याच्या प्रमुख होत्या, हे मला चाळिशीत कळलं. माझी पणजी त्या पथकात नव्हती. ती लेवा पाटलाची सून, घराबाहेर जायची ते शेतात नाहीतर माहेरी. पण अधिवेशनाला ती गेली, आणि त्याची गोष्ट आमच्याकडे अशी सांगतात: घरातले पुरुष म्हणाले, गर्दी आहे, बायकांचं काम नाही. पणजी म्हणाली, गांधीबाबा येणार आहे, दर्शन घ्यायचं. दर्शनाला नाही कसं म्हणणार? देवाला जायचं म्हटलं की बाईला गाडी जुंपून द्यावी लागते. गल्लीतल्या अकरा बायका त्या 'दर्शना'ला गेल्या. तिथे पाहिलं तर मुंबई-पुण्याकडच्या शिकलेल्या मुली हातात काठी घेऊन गर्दी आवरतायत, आणि पुरुष त्यांचं ऐकतायत! पणजीला गांधी दिसले ते लांबून, ठिपक्याएवढे. भाषण कळलं नाही, लाउडस्पीकर खरखरत होता. पण ती काठीवाली मुलगी तिने मरेपर्यंत सांगितली. "पुरुषाला म्हणे, मागे हो. आणि तो झाला मागे."

तर विचारलं नव्हतं हे खरं. पण न विचारताही बायका वाट काढत होत्या, देवाच्या नावाने का होईना. त्याला सहभाग म्हणा, नका म्हणू.

वकीलबुवा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पण शंकासुरांच्या विहिरीने झोप उडवली.

भाकर देणं ही रीत होती की लढा, हे आपण ठरवण्याआधी इंग्रजांनी ठरवून ठेवलं होतं. भारतीय दंडविधान (२०२४ पर्यंत हेच लागू होतं), कलम २१२: गुन्हेगाराला आसरा देणं. कलम २१६: कोठडीतून पळालेल्याला किंवा ज्याला पकडण्याचा हुकूम निघालाय त्याला आसरा देणं. आता 'आसरा' म्हणजे काय? त्याची व्याख्या कलम ५२अ मध्ये होती. निवारा, अन्न, पाणी, पैसा, कपडे, शस्त्रं, दारूगोळा, वाहन, असं सगळं एका ओळीत. अन्न आणि शस्त्र एकाच वाक्यात, मध्ये फक्त स्वल्पविराम. हे ५२अ दंडविधानात घातलं १९४२ साली. (उगाच कोणी 'छोडो भारतसाठीच कायदा केला' म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ही व्याख्या त्याआधीही २१६ब मध्ये होती, तिथून उचलून वर नेली.) शिक्षा मूळ गुन्हा केवढा त्यावर, २१२ खाली पाच वर्षांपर्यंत.

आता यातली गंमत पाहा. दोन्ही कलमांना एक अपवाद होता: नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला आसरा दिला तर तो गुन्हा नव्हता. म्हणजे तापीकाठची यांच्या आजीने स्वतःच्या नवऱ्याला लपवून भाकर दिली असती, तर कायदा तिला हातही लावू शकला नसता. पण आजोबा तुरुंगात. तिने भाकर दिली चौदा परक्या पुरुषांना. पतिव्रतेचा धर्म म्हणून सुटायची सोयच नव्हती. अठ्ठावीस भाकरी म्हणजे अठ्ठावीस पुरावे.

विहिरीला ताम्रपट नको, मान्य. पण विहिरीवर २१२ लागत नव्हतं.

तापीकाठची

वकीलबुवा, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि मग आईला फोन करून वाचून दाखवला.

शंकासुर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. सासूने सांगितलं की आजीचं आजीने ठरवलं, मला ठाऊक नाही. आत्याला विचारते. ती तेव्हा सात-आठ वर्षांची होती, आता नव्वदीची आहे, नाशिकला असते. ऐकू कमी येतं, पण मूड असला तर बोलते.

नंदुरबारी

नंदुरबारची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो, तरी थोडक्यात. ९ सप्टेंबर १९४२, शाळकरी पोरांची प्रभातफेरी, पोलिसांचा गोळीबार. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाच जण गेले. शिरीष जेमतेम पंधरा वर्षांचा. माणिक चौकात स्मारक आहे, आमची शाळेची फेरी दरवर्षी तिथे थांबायची.

ही गोष्ट आमच्याकडे जशी सांगतात त्यात एक क्षण हमखास असतो. पोलिसाने मुलींच्या दिशेने बंदूक रोखली, आणि शिरीष पुढे येऊन म्हणाला, मारायचं तर मला मार. मी हे भाषण चौथीत पाठ करून म्हटलंय, छातीवर हात मारून. बक्षीस म्हणून कंपास मिळाला होता.

मागच्या वर्षी माझी मुलगी तेच भाषण पाठ करत होती. मध्येच थांबून म्हणाली, बाबा, पण त्या मुली पुढे कशा होत्या? मला क्षणभर कळलंच नाही. ती म्हणाली, बंदूक त्यांच्यावर रोखली म्हणजे त्या पुढे होत्या ना? मागे असत्या तर कशाला रोखली असती?

एवढी वर्षं ती गोष्ट सांगतोय, ऐकतोय. मुली त्यात फक्त वाचवण्यापुरत्या येतात आणि पुढच्या वाक्यात नाहीशा होतात. शिरीषचं मोठेपण यात तसूभर कमी होत नाही. पण १९४२ साली, नंदुरबारसारख्या गावात, गुजराती-मराठी व्यापारी घरांतल्या मुली, पोलीस लाठ्या घेऊन उभे असताना फेरीच्या पुढच्या ओळीत चालत होत्या. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांचं काय झालं असेल? शाळा सुरू राहिली का? की वर्षभरात लग्न उरकून टाकलं? आमच्या घरची कोणी त्यात होती का हे विचारायला आता घरात कोणी उरलेलं नाही.

पारोळ्याचा पाहुणा

सगळे बेचाळीसमध्येच अडकलेत. झाशीची राणी पारोळ्याची सून आहे हे विसरू नका. :) नेवाळकरांची जहागिरी पारोळ्याची, किल्ला १७२७ चा. सत्तावन्ननंतर इंग्रजांनी जहागिरी काढून घेतली आणि किल्ला मोडला. किल्ल्याची आजची अवस्था पाहायची असेल तर नाकाला रुमाल लावून या.

सातपुडा माथा

पाहुणे बरोबर बोलले, सत्तावन्नपर्यंत मागे जा. पण तिथेही राणीपाशी थांबू नका.

मी शिरपूरकडचा. आमच्याकडून सेंधव्याच्या घाटात चढलं की खाजा नाईकांचा मुलूख. घाटाची राखण त्यांच्याकडे होती. सत्तावन्नमध्ये तेच उठले, सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली. भिल्लांकडे तीरकामठे आणि थोड्या बंदुका, समोर पलटण. हाती लागलेल्यांना तिथल्या तिथे खटला चालवून गोळ्या घातल्या. आणि बायका-पोरं पकडून नेली. हे मी मुद्दाम वेगळं वाक्य लिहितोय, कारण जिथे वाचलं तिथे ते शेवटी, अर्ध्या ओळीत होतं.

त्या बायका तिथे का होत्या? सत्याग्रहाला गेल्या नव्हत्या, सत्याग्रह तेव्हा कुठला. लढाईला बायका-पोरं घेऊन जात नाहीत. पण ज्यांचं घर जंगलच आहे त्यांची आघाडी आणि पिछाडी वेगळी नसते. पाणी कुठे आहे, कंद कुठे मिळतात, रात्री कुठल्या खोऱ्यात आडोसा आहे हे बाईला जास्त ठाऊक. इंग्रजांना ते चांगलं कळत होतं. म्हणून बाया पकडल्या की पुरुष खाली उतरतात हा हिशेब. भीमा नाईक हे त्याच उठावातले दुसरे पुढारी. त्यांची आई सुरसी, तिला पकडून मंडलेश्वरच्या तुरुंगात ठेवलं, आणि ती तिथेच मेली. तिने कोणाला गोळी घातली नव्हती. ती आई होती, एवढं पुरेसं होतं.

तुमच्या आज्यांबद्दल आदर आहे. फक्त एवढंच सांगायचंय की ज्या घरात ट्रंक होती, ट्रंकेत कागद होता, त्या घराची गोष्ट तरी इथे आली. आमच्याकडे कागद नाही, रेघही नाही. गाणी आहेत, पण ती लिहून काढणारे हल्ली मोबाइलवर रील बघतात. मीसुद्धा.

उगाच एक

सातपुडा, +१००. तुमच्या प्रतिसादानंतर काही लिहायला नको, तरी एक अवांतर.

गांधीजींनी दांडीयात्रेत ७८ जण नेले, त्यात एकही बाई नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय भांडल्या तेव्हा सत्याग्रह बायकांना खुला झाला. मग १९३० च्या एप्रिलात गांधीजींनी बायकांना आवाहन केलं ते दारूच्या आणि विदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करायचं, म्हणजे दारात उभं राहून गिऱ्हाइकाला परतवायचं. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे मिठाला खान्देशी माणसाला विलेपार्ले-शिरोड्याला जावं लागे. दारूचं दुकान मात्र प्रत्येक पेठेत. बाईला घरापासून चालत जाता येईल अशी चळवळ ती हीच. आणि शहाद्यात १९७२-७३ च्या सुमारास भिल्ल बायांनी दारूची मडकी फोडली तेव्हा ती कुठल्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. अवांतर समाप्त.

शंकासुर

वकीलबुवांचा मुद्दा मान्य. कलम ५२अ मला ठाऊक नव्हतं. विहीर मागे घेतो.

पण मग आता व्यवहाराचा प्रश्न. पेन्शन द्यायची तर पुरावा लागणार. सरकार तरी काय करणार, जात्याला साक्षीला बोलावणार?

वकीलबुवा

केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून, १९८० मध्ये तिला 'सन्मान' हे नाव मिळालं. पात्रता काय, तर सहा महिने तुरुंगवास. बायकांना तीन महिन्यांची सवलत, म्हणजे करणाऱ्याला अंदाज होता की बायका कमी काळ आत असतात. भूमिगतांसाठीही सोय होती, पण फरार जाहीर झालेला असावा, नाहीतर डोक्यावर इनाम असावं, नाहीतर स्थानबद्धतेचा हुकूम निघालेला असावा, असं काहीतरी. ज्याच्यामागे पोलीस लागले त्याला कागद मिळाला. आता विचार करा: आसरा देणारीचं यश कशात? पोलीस न लागण्यात. तिचं काम जितकं नीट झालं तितका तिच्याकडे कागद कमी. पकडली गेली असती तर पेन्शन मिळाली असती.

सरकारला दोष देत नाही. मापच तुरुंगाचं होतं.

बोरीकाठ

एक बारीक शंका, आजीचा अपमान म्हणून नाही. आजोबा ऑगस्टात पकडले गेले, लोक त्यानंतर आले. म्हणजे भादवा-आश्विन. टोपलीवर गोवऱ्या रचून नेल्या असं लिहिलंय. ऐन पावसाळ्यात गोवऱ्या कोण थापतं? आणि ज्या थोड्या उडव्यात झाकून ठेवलेल्या असतात त्या मळ्यातून घरी येतात, घरातून मळ्यात जात नाहीत. पोलीस पाटलाला तेवढं तर कळलंच असतं. मी शेतकरी माणूस, हे वाचून अडखळलो.

केळीबाग

हाहा, बोरीकाठ यांनी पकडलं. पण खरंय. आमच्याकडेही सरपण आणि गोवऱ्या येतात त्या शेतातून गावात. उलटं नेणारी बाई दिसली तर कुत्रंसुद्धा वळून बघेल.

तापीकाठची

मी पुण्यात वाढलेली, मला हा प्रश्न पडलाच नाही. तीस वर्षं तशीच सांगतेय ही गोष्ट. बहुतेक कुठल्याशा सिनेमातून गोवऱ्या माझ्या डोक्यात शिरल्या. थांबा, रविवारी नाशिकला जातेय.

तापीकाठची

जाऊन आले. आत्याचा मूड चांगला होता. तिने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग वरण-बट्टी खाऊ घातली, मग बोलली. ती अहिराणीच बोलते, मी बरंचसं मराठीत लिहिते.

गोवऱ्यांचं विचारल्यावर माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "गोवऱ्यासखाले भाकरी कोन ठेवी व? वास लागस ना!"

झालं होतं असं. पहिले दोन महिने मळ्यात कोणीच नव्हतं. लोक आले ते दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत. वेचणीला जाणाऱ्या बाया न्याहारी बांधूनच नेतात. आजी एरवी चार मजूर बाया लावायची, त्या वर्षी आठ लावल्या. प्रत्येकीच्या फडक्यात स्वतःची भाकर आणि वर तीन-चार जास्त. कोणीच काही लपवलं नाही. उघड्या रस्त्याने, पोलीस पाटलाच्या दारासमोरून गेल्या. परत येताना त्याच फडक्यात कापूस. आणि भाकर कळण्याची, ज्वारीत उडीद घालून दळलेली, कारण ती नुसत्या मिठा-मिरचीबरोबरही पोटाला आधार देते. त्या आठ बायांत तीन भिल्लांच्या होत्या, नदीपलीकडच्या वस्तीतल्या. सातपुडा माथा, हे तुमच्यासाठी. त्यांची नावं आत्याला आठवत नाहीत. एकीला सगळे 'काळी' म्हणायचे, ते काही नाव नव्हे.

आणि शंकासुर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. सासूने सांगितलं नव्हतं. सासू विरोधात होती. म्हणायची, माझा एक पोरगा आत गेला, आता सुनेलाही नेतील, या नातवंडांना कोण बघेल? महिनाभर दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आत्या मध्ये निरोप्या. "आईला सांग मीठ संपलं", "तुझ्या आजीला म्हणावं, डब्याच्या तळाशी बघ."

आजीलाही त्या चौदांबद्दल फार प्रेम होतं असं नाही. त्यातला एक जण भाकर जाड झाली म्हणून कुरकुर करायचा, त्याला ती 'जावई' म्हणायची. पोरांच्या ताटात तेव्हा अर्धी भाकर आली. आत्याला ती अर्धी भाकर अजून आठवते, त्याचा तिला अजून राग आहे, आणि तो राग तिने लपवला नाही. मी म्हटलं, पण आत्या, देशासाठी होतं ना. ती म्हणाली, मी आठ वर्षांची होते, मला भूक लागायची.

हातउसनं पीठ मात्र खरं आहे, अगदी तसंच. फक्त आजीची सुरुवातीची कल्पना नव्हती ती. त्या चार घरांतल्या एकीने स्वतः येऊन सांगितलं की बाई, रातचं तुझं जातं लई वाजतं, दळू नको, माझ्याकडून ने. म्हणजे कोणाला तरी कळलंच होतं, आणि तिने पाणवठ्यावर तोंड उघडलं नाही.

निघताना आत्याने पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढली. मला वाटलं नेहमीसारखी खाऊला. ती म्हणाली, वर्षभराने वडील सुटून आल्यावर आईने तीन घरांचं पीठ फेडलं. चौथं घर तोवर गाव सोडून सुरतेकडे गेलं होतं, कामधंद्यासाठी. त्यांचं राहिलं. "शेरभर पीठ देनं शे त्यासनं. कोनी व्हई गावमा तं दी ये."

मी ती नोट घेतली. घर कुठलं विचारलं तर म्हणाली मारुतीच्या मागची गल्ली, दारात कडुनिंब. आडनाव आठवत नाही.

बोरीकाठ

गावाचं नाव व्यनि (खाजगी निरोप) करा. मंगळवारी बियाण्यासाठी तिकडे जाणारच आहे. कडुनिंब राहिला नसेल कदाचित, पण मारुतीमागच्या गल्लीत एक म्हातारे आहेत, सुरतेला गेलेल्या सगळ्यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो.

शंकासुर

माझ्याकडून पण एक शेर धरा.